वर्गातलं घड्याळ आणि फिट येणारं मूल

वर्गात एखाद्या मुलाला फिट आली की पहिल्या अर्ध्या मिनिटात कोणीतरी पायातली चप्पल काढतं. चप्पल नसेल तर कांदा शोधतात, कांदा नसेल तर ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतात. दोन मिनिटांनी झटके थांबतात आणि श्रेय चपलेला जातं. हातपाय आखडून झटके येणारी फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. चप्पल हुंगवा नाहीतर शाळेची घंटा वाजवा, ती तिच्याच वेळेला थांबणार. नुकसान एवढंच होतं, की चप्पल धरणारा हात त्या वेळी मुलाच्या डोक्याखाली असायला हवा होता.

आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार, एपिलेप्सी अशी नावं पुष्कळ आहेत. शाळेत 'फिट' हा शब्द शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना कळतो, म्हणून इथेही तोच वापरतो.

पहिली पाच मिनिटं

अशा वेळी वर्गातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे सेकंदकाट्याचं घड्याळ. बघणाऱ्याला दोन मिनिटं दहा मिनिटांसारखी वाटतात, म्हणून अंदाजावर जाऊ नये. फिट सुरू झाली की एका मुलाला फळ्याच्या कोपऱ्यात खडूने वेळ लिहायला सांगा: ११.४२. थांबली की तिच्याखाली दुसरी वेळ. नंतर डॉक्टर पहिला प्रश्न 'किती वेळ होती?' हाच विचारतात. 'बराच वेळ' या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो.

मूल खाली पडलं असेल तर त्याला उचलून दुसरीकडे नेऊ नका, बाक बाजूला सरकवा. दोन बाकांच्या मध्ये अडकलं असेल तरी ओढायचे बाकच. डोक्याखाली स्वेटर, ओढणी किंवा स्वतःचा तळहात ठेवा. दप्तर मात्र नको. हाताशी असतं म्हणून बहुतेक जण तेच सरकवतात, पण आत कंपासपेटी, स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली असते. त्यापेक्षा फरशी परवडली. चष्मा काढा. टाय आणि गळ्यातल्या ओळखपत्राची रिबीन काढा. ही रिबीन हमखास विसरली जाते आणि मूल हलतं तशी मानेभोवती पीळ घेते.

हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके मेंदूतल्या विजेच्या गडबडीमुळे येतात, मनगट धरून ती थांबत नाही. उलट स्नायू आणि सांधे दुखावतात, खांदा निखळू शकतो. तोंडात काहीही घालू नये, ना चमचा, ना रुमाल, ना बोट. जीभ गिळली जाते ही निव्वळ समजूत आहे. जिभेची कड चावली जाऊ शकते, थोडं रक्त येतं आणि ती चार-आठ दिवसांत भरून येते. चमच्याने तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर ते प्रकरण चार-आठ दिवसांचं नसतं.

ओठ निळसर पडतात तेव्हा शिक्षकांचा धीर सुटतो. छातीचे स्नायूही आखडलेले असल्यामुळे काही सेकंद श्वास नीट चालत नाही, म्हणून ते होतं. झटके सैल पडले की श्वास घरघरत परत येतो आणि रंगही परततो. झटके चालू असताना छाती दाबू नये, तोंडाने श्वासही देऊ नये. झटके पूर्ण थांबल्यावरही श्वास आला नाही, तरच त्याचा विचार.

अंग सैल होऊ लागलं की कुशीवर वळवा. तुमच्या बाजूचा त्याचा हात वर, डोक्याच्या दिशेने सरळ ठेवा. पलीकडचा गुडघा वाकवा आणि तो गुडघा व पलीकडचा खांदा धरून मुलाला तुमच्याकडे वळवा. तोंड किंचित जमिनीकडे झुकलं पाहिजे, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडते. पाणी लगेच पाजायचं नाही. स्वतःचं नाव आणि आजचा वार नीट सांगता आला की मग दोन घोट.

१०८ ला फोन कधी करायचा, हे आधीच ठरलेलं असावं. फिट पाच मिनिटांवर गेली, एक थांबून शुद्ध येण्याआधीच दुसरी सुरू झाली, डोक्याला मार बसला, फिट पाण्यात आली, थांबल्यावर श्वासाला त्रास दिसला, किंवा या मुलाची ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर फोन करायचाच. एपिलेप्सीचं निदान झालेल्या मुलाची नेहमीसारखी दीड मिनिटाची फिट आली आणि ते शुद्धीवर येत असेल, तर दवाखाना गाठण्याची घाई लागत नाही. पालकांना फोन, कुशीवर झोप आणि शेजारी एक मोठं माणूस पुरतं. फिटनंतर मूल दहा मिनिटं ते दोन तास झोपू शकतं, डोकं दुखतं, ते चिडचिडं होतं. कपड्यात लघवी झालेली असते. वर्गाच्या कपाटात त्याच्या मापाचा गणवेशाचा एक जोड ठेवला, तर मुलाची निम्मी लाज तिथेच वाचते.

नाकात मारायचा फवारा

लांबणाऱ्या फिटसाठी काही मुलांना डॉक्टर मिडाझोलामचा नाकातला फवारा लिहून देतात. तो शाळेत ठेवायचा तर चिठ्ठीशिवाय नाही, आणि त्या चिठ्ठीवर 'गरजेनुसार' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. किती मिनिटांनी (साधारणपणे पाच), प्रत्येक नाकपुडीत किती फवारे आणि पुन्हा द्यायचा की नाही, हे अंकांत हवं. डोस वजनावर ठरतो आणि बाटल्यांची ताकद सारखी नसते. पाच मिलीग्रॅम द्यायचे असतील तर अर्ध्या मिलीग्रॅमचा फवारा देणाऱ्या बाटलीतून १० फवारे लागतील आणि सव्वा मिलीग्रॅमच्या बाटलीतून ४. म्हणून एका मुलाचा कागद दुसऱ्यासाठी कधीच वापरायचा नाही. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, तर फवाऱ्यांचा आकडा डॉक्टरांकडून नव्याने लिहून आणायचा.

नवीन बाटलीचा पंप आधी हवेत दाबून भरून घ्यावा लागतो, नाहीतर पहिले एक-दोन फवारे नुसती हवा असतात. किती वेळा दाबायचं ते सोबतच्या कागदावर असतं. मुलाने श्वास ओढायची गरज नसते, औषध नाकाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. त्याने गुंगी येते आणि श्वास मंदावू शकतो, म्हणून फवारा मारल्यावर मुलाजवळून उठायचं नाही, छातीची हालचाल बघत राहायचं.

बाटली कुलूपबंद कपाटात ठेवणं कागदोपत्री फार शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, पण कुलूप नसलेली आणि किमान तीन मोठ्या माणसांना माहीत असलेली जागा ठरवा.

जी फिट दिसतच नाही

पडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. ज्याची फिट आठ सेकंदांची असते आणि ज्यात पापणीशिवाय काही हलत नाही, त्याला 'लक्ष कुठे आहे तुझं?' ऐकून घ्यावं लागतं. या प्रकाराला अ‍ॅबसन्स म्हणतात. बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात तो सुरू होतो आणि पाच ते पंधरा सेकंद चालतो, दिवसातून अनेक वेळा. मूल बोलता बोलता थांबतं, नजर स्थिर होते, पापण्या फडफडतात, कधी ओठ चघळल्यासारखे हलतात, आणि मग काहीच न झाल्यासारखं ते पुढे चालू लागतं. मध्ये काही गेलं हे त्याला माहीतही नसतं.

डॉक्टरसमोर मूल दहा मिनिटं बसतं, शिक्षकासमोर पाच तास. त्यामुळे हा प्रकार आधी वर्गात सापडायला हवा, आणि त्यासाठी शुद्धलेखनाच्या वहीसारखा पुरावा नाही. अभ्यासात कच्च्या मुलाच्या चुका सगळीकडे पसरलेल्या असतात: ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, गळालेले काने. अ‍ॅबसन्स येणाऱ्या मुलाच्या वहीत ओळ व्यवस्थित चाललेली असते, मधले तीन-चार शब्द सलग गायब असतात आणि पुढचं वाक्य पुन्हा बरोबर. कधी शेवटच्या अक्षराची शेपटी ओळ सोडून खाली घसरलेली दिसते. पाढे म्हणताना सात सक्कं बेचाळीसनंतर थेट सात नव्वे त्रेसष्ठ. प्रकट वाचनात शब्दाच्या मध्येच खंड पडतो, स्वल्पविरामाशी नव्हे.

तंद्री लागलेल्या मुलाच्या खांद्याला हात लावला की ते दचकून भानावर येतं. अ‍ॅबसन्समध्ये हात लावून, हाक मारून काही होत नाही, फिट तिच्या वेळेनेच संपते. तंद्री कंटाळवाण्या तासाला लागते, तर ही फिट खेळताना, डबा खाताना, गाणं म्हणतानाही येते. शंका आली तर आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, किती सेकंद आणि त्या वेळी काय चाललं होतं एवढं टिपा आणि पालकांना द्या. 'तुमच्या मुलाला फिट येतात' असं निदान शिक्षकाने सांगायचं नसतं, 'हे असं दिसलं' एवढंच सांगायचं. जोरात भराभर श्वास घेतला की ही फिट ओढवून घेतल्यासारखी येते. डॉक्टर तपासणीत म्हणूनच तीन मिनिटं फुंकर घालायला लावतात. त्यामुळे योगाच्या तासाला भस्त्रिकेच्या वेळी अशा मुलाला शांत बसू द्यावं, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत.

नोंदीत बारकावा का हवा, तर फिटच्या प्रकाराप्रमाणे औषध बदलतं. कार्बामाझेपिन एका प्रकारच्या फिटना उत्तम चालतं, पण अ‍ॅबसन्स आणि अंगाला हिसके देणाऱ्या फिट त्याने वाढू शकतात.

दुसरा एक प्रकार आगाऊपणा समजला जातो. मूल उठून फिरू लागतं, शर्टाचं बटण चाळवत राहतं, चघळल्यासारखं तोंड हलवतं, विचारलं तर भलतंच बोलतं. अर्धं ते दोन मिनिटं हे चालतं आणि नंतर थोडा वेळ गोंधळ. अशा वेळी दंड पकडून जागेवर बसवलं तर ते झटापट करतं आणि 'मारायला धावला' अशी तक्रार तयार होते. जिना, खिडकी आणि रस्ता यांच्या आड तुम्ही उभे राहा आणि हळू आवाजात बोलत त्याला वळवत न्या.

तिसरा प्रकार आठवी ते बारावीचा. सकाळी उठल्यावर तासाभरात हातांना हिसके बसतात, ब्रश उडतो, चहाचा कप सांडतो. घरचे धांदरट म्हणतात. ही ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. जागरण तिला सर्वांत जास्त चिथावतं, आणि आपल्याकडे बरोबर याच वयात 'रात्री दोनपर्यंत बसतो' हे कौतुकाने सांगितलं जातं. अशा मुलाला रात्री दहाला झोपायला सांगणं हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे, आणि ते वर्गशिक्षकाच्या तोंडून आलं की घरात पटतं.

गोळ्या आणि गुण

औषध नियमित असेल तर सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. बहुतेक गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठच्या हिशोबात बसतात, शाळेत द्यायची वेळ क्वचित येते. शाळेत फिट आली तर पहिला संशय चुकलेल्या गोळीवर घ्यावा. सकाळची शाळा सुरू झाली, सहलीसाठी पहाटे निघाले, लग्नासाठी गावी गेले आणि स्ट्रिप घरी राहिली, एकादशीला किंवा रोज्यात गोळीसुद्धा सोडली, अशी कारणं निघतात.

वर्गातल्या वागण्यात गोळीचाही हात असतो. लेव्हेटिरासेटामने काही मुलं तापट होतात. व्हॅल्प्रोएटने हात कापून अक्षर बिघडू शकतं आणि वजन वाढतं. फेनोबार्बिटोनने कोणी पेंगतं, तर कोणी उलट फार चळवळं होतं. टोपिरामेटने नेमका शब्द आठवत नाही आणि घाम कमी येतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये उन्हातल्या कवायतीत अशा मुलावर नजर हवी. डोस नुकताच बदलला असेल तर पालकांनी वहीत एक ओळ लिहून पाठवावी.

रात्री झोपेत फिट आलेलं मूल सकाळी शाळेत हजर असतं, पण आदल्या दिवशी पाठ केलेलं त्याच्याजवळ नसतं. त्या दिवशीची चाचणी दोन दिवसांनी घ्या. तोंडी सूचनेबरोबर फळ्यावर दोन शब्द लिहिले तर मधे आठ सेकंद गेलेल्या मुलाला परत गाडी पकडता येते. बुडालेल्या तासाची वही शेजारच्याने द्यायची, हे वर्गात ठरवून टाकावं.

मैदान, प्रयोगशाळा, पडदा

'त्याला पीटीला पाठवू नका' हा सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा चुकीचा निर्णय. खो-खो, कबड्डी, धावणं, लेझीम चालतं. उंची आणि पाणी, या दोन गोष्टींना मात्र अट हवी. पुरलेला मल्लखांब, दोरीवर चढणं आणि दहीहंडीचा थर फिट पूर्ण ताब्यात नसताना नको. पोहायचं तर फक्त त्याच्यावर नजर ठेवणारा, पोहता येणारा एक माणूस काठावर हवा. 'आम्ही सगळे लक्ष ठेवतो' म्हणजे कोणीच ठेवत नाही. गडावरच्या सहलीत कड्याच्या बाजूने शिक्षकाने चालावं. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा जोडीदाराने पेटवावा, मोजमाप आणि नोंदी याने कराव्यात. वर्गात जागा पुढच्या रांगेत वाटेच्या कडेला, खिडकी आणि जिन्यापासून लांब.

डिजिटल क्लासबद्दलची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणारे शंभर रुग्णांत साधारण तिघेच. ज्याला तसा त्रास आहे त्याच्यासाठी मिणमिणती ट्यूब बदला, आणि दिव्याखाली फिरणारा पंखा प्रकाश कापत असेल तर जागा बदला. अचानक लखलखाट झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला शिकवा. दोन्ही डोळे मिटून काम होत नाही, पापणीतून प्रकाश आत जातोच.

पालक लपवतात तेव्हा

प्रवेशाच्या फॉर्मवर 'आजार: नाही' असं लिहून दप्तरात गोळ्या पाठवणारे पालक शाळेला फसवायला निघालेले नसतात. त्यांना मुलाला काढून टाकण्याची भीती असते, आणि मुलगी असेल तर पुढच्या लग्नाची. हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी हे लग्नाला आड येणारं कारण होतं, ते १९९९ च्या दुरुस्तीत काढलं गेलं. कायद्यातून गेलं, बैठकीतल्या कुजबुजीतून अजून गेलेलं नाही. म्हणून माहिती मागताना शाळेने आधी स्वतःचं वचन द्यावं: कोणाकोणाला सांगणार ती नावं, आणि बाकी कोणाला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगावं.

एपिलेप्सी आहे एवढ्यावरच सवलती मिळतात, असा गैरसमज वारंवार आढळतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एपिलेप्सीचं स्वतंत्र नाव नाही. पण फिटबरोबर अध्ययन अक्षमता किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं आणि परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती त्यावर लागू होतात. ही तपासणी नववीतच उरकावी. दहावीचे फॉर्म भरताना धावाधाव करून प्रमाणपत्र हाती येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा दात आणि डोळे बघून निघून जातं असं वाटतं, पण त्यांच्या यादीत फिटचे आजारही आहेत. तुमच्या नोंदीचं पान त्यांच्या हातात द्या, जिल्हा रुग्णालयापर्यंतची वाट तिथून निघते. जंतनाशक दिनाला मात्र सावध राहा. मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ होणं हे आपल्याकडे फिटचं एक नेहमीचं कारण आहे, आणि ते शाकाहारी घरातही घडतं, कारण कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि हातांतून येतात. त्या दिवशी देतात त्या अल्बेंडाझोलच्या गोळीने ती अळी मरताना सूज येऊन फिट येऊ शकते. फिटचा इतिहास असलेल्या मुलाला ती गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची.

एक पान

प्रत्येक अशा मुलासाठी एकच पान करा. फाइल केली की कोणी उघडत नाही. फोटो, फिट कशी दिसते, नेहमी किती वेळ चालते, कितव्या मिनिटाला काय करायचं, दोन फोन नंबर, जवळचा दवाखाना. ते वर्गशिक्षक, पीटीचे सर, मावशी आणि व्हॅनवाले काका यांच्याकडे हवं. काकांना एवढंच वेगळं सांगायचं, की गाडी कडेला लावायची, मुलाला सीटवर कुशीवर वळवायचं आणि भरधाव दवाखान्याकडे सुटायचं नाही.

वर्गमित्रांना सांगायचं का, हे मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारून ठरवा. सांगितलंत तर कामं वाटून द्या: एकाने ऑफिसात पळायचं, दोघांनी बाक सरकवायचे, एकाने फळ्यावर वेळ लिहायची. बाकीच्यांनी व्हरांड्यात जायचं. कामं वाटलेली असली की मुलं चिडवत नाहीत, आपापली जबाबदारी सांगत फिरतात. मोबाइलवर व्हिडिओ एका मोठ्या माणसानेच घ्यायचा, तोही पालकांनी आधी होकार दिला असेल तर, आणि तो त्यांना पाठवून लगेच पुसायचा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, वर्गाच्या ग्रुपवर त्याचं काही काम नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की हे पान नव्याने भरा. वर्षभरात मुलाचं वजन दोन-तीन किलोंनी वाढलेलं असतं, फवाऱ्याचा आकडा त्याप्रमाणे बदलतो, आणि गेल्या वर्षीच्या बाटलीची मुदत बहुधा संपलेली असते.